वास्को काउंटीची मतदार यादी

1984 च्या सप्टेंबर महिन्यात अमेरिकेतल्या मोठमोठ्या शहरांत बेघर माणसांना एक आमंत्रण मिळत होतं. आमच्याबरोबर चला, राहायला जागा, पोटभर जेवण, अंगावर कपडे, सगळं फुकट. फुटपाथवर झोपणारे, धर्मादाय भोजनालयांच्या रांगेत उभे राहणारे, व्हिएतनामच्या युद्धातून परतून कुठेच न रुळलेले असे हजारो पुरुष बसगाड्यांत बसले आणि लांबचा प्रवास करून ऑरेगन राज्यातल्या एका कोरड्या, डोंगराळ मुलखात उतरले. आमंत्रण देणारे लाल-भगव्या कपड्यांतले संन्यासी होते. त्यांच्या गळ्यातल्या माळेत ज्यांचा फोटो होता, ते भगवान रजनीश तीन वर्षांपूर्वीपर्यंत पुण्यात कोरेगाव पार्कात राहत होते.

रजनीशांचा ऑरेगनमधला मुक्काम आपल्याकडे आठवतो तो रोल्स रॉइस गाड्या, त्यांची सचिव मा आनंद शीला आणि शेवटची अटक एवढ्यापुरता. त्या धामधुमीत एका चांगल्या कायद्याचा बळी गेला, ते सहसा कुणी सांगत नाही. ऑरेगनमध्ये तेव्हा मतदानाच्या दिवशीसुद्धा मतदार यादीत नाव घालता येत असे. पुढच्या दोन वर्षांत ती सोय राज्यघटनेत दुरुस्ती करून बंद झाली आणि अजून परत आलेली नाही. ऐन मतदानाच्या दिवशी नावनोंदणी करू द्यावी की नाही, हा वाद अमेरिकेत पन्नास वर्षं चालू आहे. त्यात विरोधकांच्या हाती लागलेलं सर्वात दणकट उदाहरण ऑरेगनमधल्या वास्को काउंटीचं. इतकं दणकट, की ते मुळापासून तपासून पाहायची गरज फारशी कुणाला वाटली नाही.

मुळात जायचं तर अमेरिकेतली मतदार यादी कशी बनते ते आधी पाहावं लागतं. आपल्याकडे निदान नियमाने तरी बूथ पातळीवरचा अधिकारी (बीएलओ) घरी येऊन चौकशी करतो. तिथे यादीत नाव घालायची जबाबदारी ज्याची त्याची. घर बदललं की पुन्हा नोंदणी, गाव बदललं की पुन्हा नोंदणी. नोंदणीचा पहिला कायदा मॅसॅच्युसेट्सने 1800 साली केला, पण पुढची कित्येक दशकं बहुतेक ठिकाणी त्याची गरज भासली नाही. गावात सगळे सगळ्यांना ओळखत. एकोणिसाव्या शतकाच्या उत्तरार्धात शहरं फुगली, आयर्लंडमधून आणि बाकीच्या युरोपातून मजुरांचे लोंढे आले, आणि नोंदणीचे कायदे एकामागून एक आले. कारण सांगितलं गेलं बोगस मतदानाचं. ते सगळंच खोटं नव्हतं. शहरांतले पुढारी मतपेट्यांशी काय काय खेळ करत, हे जगजाहीर होतं. पण नोंदणीचे दिवस मोजके, कचेरीची वेळ कारखान्याच्या पाळीशी टक्कर घेणारी, आणि नियम बऱ्याचदा शहरांपुरतेच. त्यामुळे गाळले गेले ते मुख्यतः कामगार. दक्षिणेत तर याच हत्याराने कहर केला. लुइझियाना राज्यात 1896 साली 1,30,334 कृष्णवर्णीय मतदारांची नोंद होती. नव्या राज्यघटनेतल्या अटी लागू झाल्यावर 1900 साली ती 5,320 वर आली. एवढी माणसं चार वर्षांत मेलीही नव्हती आणि गाव सोडूनही गेली नव्हती. त्यांना यादीबाहेर काढलं गेलं होतं.

1965 च्या मतदान हक्क कायद्याने दक्षिणेतला हा प्रकार मोडून काढला. राहिला प्रश्न मुदतीचा. काही राज्यांत मतदार व्हायला वर्षभर वास्तव्याची अट होती. जेम्स ब्लमस्टाइन नावाचे कायद्याचे एक तरुण प्राध्यापक 1970 च्या जूनमध्ये टेनेसीतल्या नॅशव्हिल शहरात शिकवायला आले आणि नाव नोंदवायला गेले, तर वर्ष भरलं नाही म्हणून नकार मिळाला. ते कोर्टात गेले. 1972 साली अमेरिकेच्या सर्वोच्च न्यायालयाने त्यांच्या बाजूने निकाल दिला आणि जाता जाता सांगितलं, की कागदपत्रं तपासायला तीस दिवस पुरेसे वाटतात. त्यानंतर तीस दिवस हा जणू प्रमाण आकडाच होऊन बसला. पण सभा रंगतात, वाद पेटतात, शेजारीपाजारी राजकारण बोलू लागतात ते शेवटच्या महिन्यातच. ज्याला तेव्हा जाग येते, त्याच्यासाठी दार आधीच बंद झालेलं असतं.

त्या दाराची कडी पहिल्यांदा काढली ती उत्तरेकडच्या थंड राज्यांनी. मेन राज्याने 1973 साली कायदा केला. मिनेसोटातही त्याच वर्षी कायदा झाला आणि 1974 च्या निवडणुकीत तो पहिल्यांदा वापरला गेला. विस्कॉन्सिन 1976 पासून त्यांच्या पंगतीला बसलं. नॉर्थ डकोटाने तर 1951 सालीच नोंदणी ही भानगडच काढून टाकली होती. तिथे माणूस ओळख दाखवतो आणि मत देतो.

मिनेसोटातल्या मतदान केंद्रावर ही सोय कशी चालते ते जवळून पाहण्यासारखं आहे. यादीत नाव नसलेल्या माणसाला परत पाठवत नाहीत, वेगळ्या टेबलावर बसवतात. सध्याचा पत्ता असलेलं ड्रायव्हिंग लायसन्स असेल तर काम लगेच होतं. लायसन्सवर जुना पत्ता असेल तर सोबत विजेचं किंवा फोनचं बिल लागतं. विद्यार्थ्यांची यादी कॉलेजने आधीच दिलेली असते, त्यामुळे कॉलेजचं ओळखपत्र चालतं. आणि यातलं काहीच नसेल, तर त्याच भागातला एखादा मतदार शपथेवर सांगू शकतो, की हा माणूस इथेच राहतो, मी याला ओळखतो. अशी ग्वाही एका मतदाराला आठ जणांपर्यंतच देता येते, आणि जो स्वतः ग्वाहीवर नोंदला गेला त्याला दुसऱ्यासाठी ग्वाही देता येत नाही. निवडणूक झाल्यावर प्रत्येक नव्या मतदाराच्या पत्त्यावर कार्यालयातून एक कार्ड जातं. कार्ड परत आलं, तर चौकशी सुरू होते. खोटी शपथ हा गंभीर गुन्हा आहे.

मला यातली शेजाऱ्याची ग्वाही फार मोलाची वाटते. लोकशाहीत एका माणसाने दुसऱ्यासाठी करावी अशी याहून सरळ आणि याहून जबाबदारीची गोष्ट मला सुचत नाही. वृद्धाश्रमातली आजी, कालच भाड्याची खोली बदललेला मजूर, नवऱ्याच्या मारहाणीला कंटाळून आधारगृहात आलेली बाई, यांच्या नावावर विजेचं बिल कुठून येणार? त्यांच्यासाठी कायद्याने एक माणूस पुरावा म्हणून मान्य केला. आपल्याकडे उमेदवारी अर्ज भरण्याची शेवटची तारीख उलटली, की त्या निवडणुकीपुरती यादी बंद होते. 2014 च्या लोकसभा निवडणुकीत पुण्यात आणि मुंबईत असंख्य लोक ओळखपत्र हातात घेऊन केंद्रावर गेले. यादीत नाव नाही, एवढंच ऐकून ते परतले. निवडणूक आयुक्त एच. एस. ब्रह्मा यांनी त्याबद्दल जाहीर माफी मागितली. पण हुकलेलं मत माफीने मिळत नाही. त्या दिवशी एखाद्या शाळेच्या वर्गखोलीत मिनेसोटासारखं दुसरं टेबल असतं, तर माफीची वेळच आली नसती.

मिनेसोटाचाच एक माणूस, वॉल्टर माँडेल, 1977 च्या जानेवारीत अमेरिकेचा उपराष्ट्राध्यक्ष झाला. राष्ट्राध्यक्ष होते जॉर्जियाचे जिमी कार्टर. 22 मार्च 1977 रोजी कार्टर यांनी संसदेला निवडणूक सुधारणांचा संदेश पाठवला. त्यात पहिली शिफारस होती, की संघराज्याच्या निवडणुकांत देशभर कुठेही मतदानाच्या दिवशी ओळख पटवून नाव नोंदवता यावं. 1960 साली सुमारे 63 टक्के असलेलं मतदान 1976 साली 54 टक्क्यांच्या आसपास उतरलं होतं. किमान वीस लोकशाही देश मतदानात आपल्या पुढे आहेत, हे कार्टर यांनी संसदेला बजावून सांगितलं. खोटी नोंदणी करणाऱ्याला पाच वर्षांपर्यंत कैद आणि दहा हजार डॉलरपर्यंत दंड, अशी शिक्षाही मसुद्यात होती.

बोगस मतदानाची भीती कार्टर यांना कुणी शिकवायला नको होती. त्यांच्या राजकारणाची सुरुवातच बोगस मतदानाने झाली होती. 1962 च्या ऑक्टोबरात ते जॉर्जियाच्या सिनेटसाठी पक्षांतर्गत निवडणुकीला उभे होते. मतदारसंघातल्या क्विटमन काउंटीत जो हर्स्ट नावाच्या आमदाराचा एकछत्री अंमल होता. जॉर्जटाउन गावच्या न्यायालयाच्या इमारतीत मतदान चाललं होतं, पण गुप्त मतदानाचा पत्ता नव्हता. लोकांना हर्स्टच्या डोळ्यांदेखत टेबलावर मतपत्रिका भरावी लागत होती आणि ती पुठ्ठ्याच्या खोक्यात टाकावी लागत होती. कार्टर यांचा एक मित्र तिथे उभा राहून हे सगळं पाहत होता. निकाल लागला तेव्हा कार्टर थोडक्या मतांनी हरले. मग वृत्तपत्राचे बातमीदार आणि वकील खोलात शिरले. मतदार आले होते 333, खोक्यात मतपत्रिका निघाल्या 420. शंभरावर मतदारांनी तर चक्क नावाच्या वर्णक्रमाने रांग लावून मतदान केल्याची नोंद होती. त्यांत मेलेली माणसं होती, तुरुंगात असलेली होती, गाव सोडून गेलेली होती. फेरमोजणीत जॉर्जटाउनची मतं बाद झाली आणि कार्टर निवडून आले. त्यावर त्यांनी पुढे तीस वर्षांनी एक पुस्तकही लिहिलं.

कार्टर यांच्या प्रस्तावावर टीका करणाऱ्यांनी या गोष्टीकडे कधी नीट पाहिलं नाही, याचं मला वाईट वाटतं. क्विटमनमध्ये कुणी परका माणूस दारातून येऊन नाव नोंदवून गेला नव्हता. ज्यांच्या नावे मतं पडली, ती नावं यादीत रीतसर होती, कित्येक वर्षांपासून होती. चोरी केली ती ज्यांच्या ताब्यात यादी आणि खोकं दोन्ही होतं त्यांनी. मेलेला माणूस ऐन दिवशी बिल हातात घेऊन टेबलापाशी येत नाही. तो जुन्या यादीतच मुक्काम ठोकून असतो. स्वतः लुबाडला गेलेला माणूस जेव्हा दार उघडा म्हणतो, तेव्हा त्याचं म्हणणं जास्त मन लावून ऐकायला हवं होतं.

सुरुवातीला ऐकलंही गेलं. रिपब्लिकन पक्षाचे अध्यक्ष बिल ब्रॉक आणि प्रतिनिधिगृहातले त्यांचे नेते जॉन ऱ्होड्स यांनी प्रस्तावाला अनुकूलता दाखवली. पण काही आठवड्यांतच वारं फिरलं. पक्षातल्या उजव्या गटाची पत्रं पेटून उठली. पुढे राष्ट्राध्यक्ष झालेले रोनाल्ड रेगन आपल्या स्तंभातून लिहू लागले, की सरकारी मदतीवर जगणाऱ्यांची गठ्ठा मतं डेमोक्रॅट पक्षाच्या झोळीत टाकण्याचा हा डाव आहे. पक्षाच्या राष्ट्रीय समितीने विरोधाचा ठराव केला. त्यात न्याय खात्यातच निवडणूक गुन्हे हाताळणाऱ्या वकिलांचं एक टिपण बाहेर फुटलं. अशा नोंदणीत गैरप्रकारांना मोठा वाव आहे, असा इशारा त्यात होता. सरकारचाच माणूस सरकारच्या विरोधात बोलतो म्हटल्यावर विरोधकांना आणखी काय हवं होतं?

पण प्रस्ताव बुडाला तो केवळ रिपब्लिकन विरोधामुळे नाही. संसदेत दोन्ही सभागृहांत डेमोक्रॅट पक्षाचं भक्कम बहुमत होतं. ते बहुमत जागचं हललं नाही. मोठ्या शहरांतले निवडणूक अधिकारी म्हणाले, रांगा आवरणार नाहीत. दक्षिणेतल्या आणि शहरांतल्या कित्येक खासदारांना वाटलं, ज्या मतदारांनी आपल्याला निवडून दिलं ते ठाऊक आहेत, नवे कुणाला मत देतील कोण जाणे. कायदा राज्यांना ऐच्छिक करू, इतकी माघार घेऊनही मतं जमेनात, आणि वर्ष सरायच्या आत तो बासनात गेला. लोकांनी मत द्यावं असं भाषणात सगळेच म्हणत होते. निवडून आलेल्या माणसाला नवा मतदार नको असतो, हे मात्र त्या वर्षी अमेरिकेच्या संसदेने दाखवून दिलं.

त्याच वर्षी ओहायोत डेमोक्रॅट कायदेमंडळाने राज्यपालांचा नकाराधिकार ओलांडून ही सोय आणली, आणि नोव्हेंबरात मतदारांनी जनमत कौलाने ती उलटवून तीस दिवसांची अट राज्यघटनेतच घातली.

ऑरेगनमध्ये मात्र सत्तरच्या दशकाच्या मध्यापासून ही सोय बिनबोभाट चालू होती. 1981 च्या उन्हाळ्यात तिथे रजनीशांचे अनुयायी आले. वास्को आणि जेफरसन काउंटींत पसरलेलं सुमारे चौसष्ट हजार एकरांचं बिग मडी नावाचं कुरण त्यांनी विकत घेतलं आणि तिथे रजनीशपुरम वसवायला घेतलं. पुण्यात आश्रमाला जागेची अडचण होती. इथे जागा होती, पण जमीन वापराचे कायदे कडक होते आणि शेतजमिनीवर शहर उभारायला परवानगी नव्हती. मग त्यांची नजर वीस मैलांवरच्या अँटिलोप गावाकडे वळली. चाळीसेक निवृत्त माणसांचं ते गाव. संन्याशांनी तिथली घरं विकत घेतली, राहायला आले, मतदार झाले. आपलं गाव हातचं जातंय हे पाहून जुन्या रहिवाशांनी 1982 च्या एप्रिलमध्ये गावाची नगरपालिकाच बरखास्त करण्यासाठी मतदान घेतलं. 55 विरुद्ध 42 मतांनी ते हरले. आयुष्यभर राहिलेल्या गावात आपणच अल्पसंख्य झालो, हे दुःख मोठं होतं. ते खोटं ठरवायचं मला कारण दिसत नाही. त्याच वर्षअखेरीस गावचा कारभार संन्याशांकडे गेला आणि पुढे गावाचं नावही काही काळ रजनीश झालं.

पण खरं भांडण काउंटीशी होतं. बांधकामाचे परवाने काउंटीच्या हातात. तिथे तीन आयुक्तांचं मंडळ होतं आणि 1984 च्या नोव्हेंबरात त्यातल्या दोन जागांची निवडणूक होती. काउंटीची लोकसंख्या वीस हजारांच्या आसपास. आश्रमाचे स्वतःचे मतदार पुरेसे नव्हते, शिवाय अनेक संन्यासी परदेशी नागरिक होते. शीला आणि तिच्या भोवतालच्या मंडळींनी हिशेब केला. राज्यात वीस दिवस राहिलेला कुणीही अमेरिकन नागरिक मतदार होऊ शकतो. तेव्हा नागरिक आणायचे. बेघर माणसांना दिलेलं आमंत्रण या हिशेबातून निघालं होतं. बाहेर सांगितलं जात होतं की हे दानधर्माचं काम आहे.

काउंटीच्या कचेरीत नोंदणीचे अर्ज येऊ लागले तेव्हा सगळ्यांच्या लक्षात आलं. 10 ऑक्टोबरला वास्को काउंटीतली नवी नोंदणी थांबवण्यात आली. राज्याच्या निवडणूक प्रमुख नॉर्मा पॉलस यांनी ठरवलं, की यापुढे त्या काउंटीतल्या प्रत्येक नव्या मतदाराला प्रत्यक्ष सुनावणीला यावं लागेल. स्वयंसेवक वकील समोर बसून विचारतील, तू इथे राहायला आला आहेस की मत द्यायला? आश्रम संघराज्याच्या कोर्टात गेला, पण कोर्टाने हस्तक्षेप केला नाही. पहिल्या सुनावण्यांत आश्रमाकडून आलेल्या बहुतेकांचे अर्ज फेटाळले गेले. मग आश्रमाने या निवडणुकीतून अंग काढून घेतलं. 6 नोव्हेंबरला वास्को काउंटीत जुने मतदार मोठ्या संख्येने उतरले, आणि मंडळ होतं त्यांच्याकडेच राहिलं.

बेघर माणसांचं पुढे काय झालं, हेही लिहायला हवं, कारण या सगळ्या इतिहासात त्यांची बाजू कुणी विचारलीच नाही. मतांचा उपयोग संपल्यावर त्यांचाही उपयोग संपला. शेकडो जणांना जवळपासच्या गावांत आणि पोर्टलंडमध्ये नेऊन सोडून देण्यात आलं. थंडी सुरू झाली होती. घरी परतायच्या तिकिटाचे पैसे सेवाभावी संस्थांनी उभे केले. त्यांच्यातला एखादा खरोखरच तिथे राहायचं म्हणून आला असेल, छप्पर मिळालं म्हणून हरखला असेल, तर त्याच्या मताचं मोल कुणी केलं? आश्रमाने त्यांना मतांच्या गठ्ठ्यासारखं वापरलं. सुनावणीच्या टेबलावरही ते संशयितच होते.

आणि या काळात त्याच काउंटीच्या मुख्य गावात, द डॅलिसमध्ये, लोक आजारी पडत होते. सप्टेंबर आणि ऑक्टोबरात मिळून 751 जणांना विषबाधा झाली. पोटात कळा, ताप, जुलाब. दहा उपाहारगृहांत जेवलेली माणसं होती ती. आरोग्य खात्याने प्रथम स्वयंपाकघरातल्या अस्वच्छतेवर ठपका ठेवला. खरं बाहेर यायला वर्ष लागलं. 1985 च्या सप्टेंबरात शीला देश सोडून पळाली, रजनीशांनी स्वतः पत्रकारांसमोर तिच्यावर आरोप केले, आणि तपास पथकाला रजनीशपुरमच्या प्रयोगशाळेत साल्मोनेला जंतूंचा साठा सापडला. सॅलड मांडलेल्या टेबलांवर हे जंतू शिंपडले गेले होते. मतदानाच्या दिवशी गावातले मतदार अंथरुणाला खिळून राहावेत, या बेताची ती रंगीत तालीम होती. शीलाने 1986 साली गुन्हा कबूल केला आणि तुरुंगवास भोगला.

1986 च्या नोव्हेंबरात ऑरेगनच्या मतदारांनी मोठ्या फरकाने घटनादुरुस्ती मंजूर केली. मतदानाच्या वीस दिवस आधी नाव नोंदवलं नसेल तर मत नाही. त्या लोकांचा राग मी समजू शकतो. ज्यांच्या जेवणात जंतू कालवले गेले, त्यांना दाराला कुलूप लावावंसं वाटणारच. पण कुलूप चुकीच्या दाराला लागलं. साधं कॅलेंडर समोर घेऊन बसलं तरी कळतं. बसगाड्या आल्या सप्टेंबरात आणि मतदान होतं 6 नोव्हेंबरला. वीस दिवसांची अट तेव्हा असती, तर ऑक्टोबरच्या मध्यापर्यंत या सगळ्यांची नावं सावकाश नोंदवता आली असती. आश्रमाने तर अर्ज त्याआधीच आणून द्यायला सुरुवात केली होती. म्हणजे नव्या नियमाने जुना डाव अडला नसता. डाव अडवला तो एकेका अर्जदाराला समोर बसवून विचारपूस करणाऱ्या माणसांनी, आणि त्यासाठी लागणारा अधिकार जुन्या कायद्यातच होता. वास्तव्य म्हणजे राहण्याचा खरा इरादा, हे तत्त्व तिथे आधीपासून होतं. जंतू शिंपडण्याचा बेत तर यादीत नाव असलेल्या, रीतसर, जुन्या मतदारांना केंद्रापर्यंत पोहोचू न देण्याचा होता. या सगळ्या प्रकरणातला सर्वात नीच गुन्हा मतदान वाढवण्यासाठी झालाच नाही. तो मतदान रोखण्यासाठी झाला. तरी शिक्षा झाली ती उशिरा नोंदणी करणाऱ्या ऑरेगनकराला, ज्याचा याच्याशी काडीचाही संबंध नव्हता.

ऑरेगनने पुढे पोस्टाने मतदान आणलं, 2016 पासून लायसन्स काढणाऱ्याचं नाव आपोआप यादीत घालणारं पहिलं राज्य होण्याचा मान मिळवला, पण मुदतीची ती अट आजही उठलेली नाही.

इतरत्र मात्र वारं उलट वाहिलं. 1993 साली संसदेने लायसन्सच्या अर्जाबरोबरच नोंदणी करून घ्यायला लावणारा कायदा केला. ज्या राज्यांत मतदानाच्या दिवशी नोंदणी होते, त्यांना त्यातून सूट होती. केंद्राचा कायदा नको म्हणून आयडाहो, वायोमिंग आणि न्यू हॅम्पशायर या राज्यांनी ही सोय स्वीकारली. जुन्या वळणाची, बऱ्यापैकी रिपब्लिकन राज्यं ही. 1977 साली जी गोष्ट देश बुडवणार होती, ती त्यांनी नियम टाळण्यासाठी घेतली आणि काही बिघडलं नाही. मिनेसोटात 1998 साली माजी कुस्तीगीर जेसी व्हेंचुरा तिसऱ्या पक्षातर्फे राज्यपाल झाला. त्या दिवशी मतदान करणाऱ्या दर सहांपैकी साधारण एकाने त्याच दिवशी नाव नोंदवलं होतं. निकाल कुणाला आवडो न आवडो, ती माणसं मिनेसोटाचीच होती.

मेन राज्यात 2011 साली रिपब्लिकन कायदेमंडळाने अडतीस वर्षं चाललेली ही सोय रद्द केली. पक्षाच्या प्रदेशाध्यक्षांनी बाहेरगावच्या 206 विद्यार्थ्यांची यादी दाखवून घोटाळ्याचा आरोप केला. चौकशी केली ती त्यांच्याच पक्षाच्या निवडणूक प्रमुखांनी, आणि त्या विद्यार्थ्यांपैकी कुणीही मतांची अफरातफर केल्याचं निघालं नाही. लोक सह्यांचे कागद घेऊन दारोदार फिरले. सत्तर हजारांवर सह्या जमल्या. 8 नोव्हेंबरच्या कौलात साठ टक्के लोकांनी जुना कायदा परत आणला. इथे लोकांना या सोयीचा स्वतःचा अनुभव होता. घर बदलल्यावर, लग्न झाल्यावर, मुलगा अठरा वर्षांचा झाल्यावर ते त्या टेबलापाशी जाऊन आले होते. ऑरेगनच्या मतदारांना काही वर्षांचं भय आठवत होतं, मेनच्या मतदारांना चार दशकांची सवय.

मॉन्टानात हा झगडा अगदी अलीकडचा. तिथे 2006 पासून ही सोय होती. 2014 साली ती बंद करण्याचा प्रस्ताव मतदारांनीच फेटाळला. तरी 2021 साली कायदेमंडळाने नोंदणीची वेळ मतदानाच्या आदल्या दिवशी दुपारी बारापर्यंत आणली. कोर्टात गेलेल्यांत मूळ अमेरिकन जमातींच्या संघटना होत्या. त्यांचं म्हणणं ऐकलं की प्रश्न डोळ्यांसमोर उभा राहतो. आदिवासी वस्तीतून काउंटीच्या कचेरीला जायचं तर कितीतरी मैलांचा रस्ता, नोव्हेंबरातलं बर्फ, घरात गाडी असेलच असं नाही, पेट्रोलला पैसे असतीलच असं नाही. टपाल घरी येत नाही, पोस्टाच्या पेटीत येतं, आणि घराला रस्त्याचं नाव-नंबर असेलच असंही नाही. अशा माणसाला नाव नोंदवायला एक फेरी आणि मत द्यायला दुसरी फेरी म्हणजे बहुतेक वेळा मत नाहीच. एकाच फेरीत दोन्ही कामं होतात म्हणून तो निघतो. 2024 च्या मार्चमध्ये मॉन्टानाच्या सर्वोच्च न्यायालयाने हा बदल राज्यघटनेविरुद्ध ठरवला. 2006 पासून सत्तर हजारांहून अधिक लोकांनी मतदानाच्या दिवशी नाव नोंदवलं होतं आणि या सोयीमुळे घोटाळा झाल्याचा पुरावा राज्य सरकार देऊ शकलं नव्हतं. सरकार अमेरिकेच्या सर्वोच्च न्यायालयात गेलं. 2025 च्या जानेवारीत त्या न्यायालयाने प्रकरण ऐकायला नकार दिला, आणि मॉन्टानाच्या न्यायालयाचा निकाल कायम राहिला.